आशय एका वाक्यात

८ नोव्हेंबर, रविवार

आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक आज हातात पडला. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले, पण संपादक राजाभाऊ असल्यावर संक्रांतीच्या आत आला हेच पुष्कळ. माझी कथा, ‘ट्रंक’, अगदी मधल्या पानावर आहे. चित्र कुणी काढलंय देव जाणे, ट्रंक काढायची सोडून हँडबॅग काढली आहे.

कथेखाली चौकट: ‘या कथेचा आशय एका वाक्यात सांगा आणि बक्षीस मिळवा. परीक्षक, स्वतः लेखिका सौ. सुनंदा दिघे. निकाल तिळगूळ समारंभात.’ मला एका शब्दाने विचारलेलं नाही. फोन केला तर राजाभाऊ म्हणतात, “वहिनी, तुम्ही जन्मभर शाळेत मराठी शिकवलंत. हा तर तुमच्या हातचा मळ.” वर असंही म्हणाले, की खरं उत्तर आधीच पाकिटात घालून त्यांच्याकडे द्यायचं, म्हणजे निकालावर कुणी बोट ठेवणार नाही. आमच्या मंडळातले निम्मे लोक सरकारी नोकरीतले. सीलबंद पाकीट नसेल तर त्यांचा तिळगुळावरही विश्वास बसत नाही.

पाकीट लगेच केलं. आत लिहिलं, ‘संयम’. विचारसुद्धा करावा लागला नाही.

कथा साधी आहे. गिरिजेचा नवरा दिल्लीत नोकरीला. लग्नातला डिनरसेट, चांगल्या चादरी, काचेचे कप, सगळं एका काळ्या ट्रंकेत. ‘पुण्याला गेलो की काढू.’ दर बदलीला ट्रंक नव्या क्वार्टरमध्ये जाते आणि न उघडता पलंगाखाली सरकते. शेवटी नवरा निवृत्त होतो, सामान न्यायला माणसं येतात, सगळं उचलतात. ट्रंक उचलायला वाकतात तेव्हा गिरिजा तिच्यावर बसते आणि म्हणते, “आधी चहा घ्या.” संपली कथा.

ह्यांनी अंक चाळला आणि विचारलं, “आपल्या ट्रंकेवर लिहिलंस?” मी म्हटलं, आपली हिरवी आहे. गिरिजेची काळी आहे. हे पुन्हा पेपरात शिरले.

१० नोव्हेंबर

करोल बागेतून मंडळातल्या चंद्रप्रभाचा फोन. आवाज फुगलेला. “सुनंदा, माझ्या सासूबाईंनी जपून ठेवलेल्या वस्तूंबद्दल मी तुला सगळं सांगितलं ते विश्वासाने सांगितलं होतं. तू ते छापलंस.” मी म्हटलं, अगं, तुझ्या सासूबाईंचा संबंधच नाही. तर म्हणते, “मग ती कंजूष बाई कोण?” गिरिजा कंजूष नाही, हे सांगण्यात माझी सगळी सकाळ गेली. तिने तरीही आशय पाठवलाच आहे म्हणे. ‘कंजूषपणा वाईट.’

ह्या लोकांना कथा कशाबद्दल आहे ते नको असतं, कुणाबद्दल आहे ते हवं असतं.

१४ नोव्हेंबर, शनिवार

आमच्या घरी भरणाऱ्या शनिवारच्या मराठी वर्गात आज आशय हाच विषय घेतला. सहा जण येतात, सगळी दिल्लीकडेच जन्मलेली, नोकरी करणारी मुलं. फळ्यावर लिहिलं: प्रेम हा विषय झाला. प्रेमाबद्दल लेखकाला काय म्हणायचंय तो आशय. तो पूर्ण वाक्यात सांगता आला पाहिजे, त्यात पात्राचं नाव येता कामा नये, आणि तो उपदेश नसावा. उपदेश असला की ते तात्पर्य होतं आणि तात्पर्य पाचवीत संपतं.

अरुणा लगेच म्हणाली, “काकू, तुमची स्टोरी वाचली. तिला जायचंच नाहीये ना?”

ही अरुणा गाझियाबादची, सेक्टर बासष्टला नोकरी करते, बोलते ते अर्धं हिंदी. मी विचारलं, मजकुरात असं कुठे आहे, वाक्य दाखव. तर म्हणे, “बैठ गयी ना ट्रंकेवर. अजून काय लिहायचं असतं?”

मी तिला नीट समजावलं. गिरिजेचे पाय दुखत होते. दिवसभर बांधाबांध केलेली बाई, ती बसणार नाही तर काय करणार. अरुणा म्हणाली, “अच्छा,” पण त्या अच्छामध्ये काही दम नव्हता. आजची पिढी वाचतच नाही, आणि वाचलं तर नसलेलं वाचते.

वर्गाची पुढची सहामाही मार्चमध्ये सुरू करायची असं ठरलं. मी हो म्हटलं. मग सगळे गेल्यावर आठवलं की मार्चमध्ये आपण इथे नसणार. पुढच्या शनिवारी सांगून टाकायला हवं.

२२ नोव्हेंबर

बन्सल म्हणून एक गृहस्थ फ्लॅट बघायला आले. हे एकतीस जानेवारीला निवृत्त होतात, फेब्रुवारीत पुणे. कोथरूडचा फ्लॅट तयार आहे, ह्यांचे थोरले भाऊ काकासाहेब त्याच इमारतीत राहतात. म्हणजे इकडचा विकलाच पाहिजे. हे मला मान्य आहे. लग्न झाल्यापासून मान्य आहे.

पण बन्सलसारखा माणूस नको. आल्या आल्या म्हणाला, “बालकनी तो कवर करवा लेंगे.” माझी बाल्कनी! तिथे बारा ते तीन ऊन असतं. थंडीत खालच्या भाटियाबाई, मी आणि समोरच्या मल्होत्राबाई मटार सोलत बसतो आणि जगाचा निकाल लावतो. तिथे हा ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणार. मी त्याला सांगितलं की भिंतीला ओल आहे. ओल नाही. हे माझ्याकडे बघत राहिले.

२७ नोव्हेंबर

हे आज मेट्रोने ऑफिसला गेले. आमच्या सेक्टर अठरापासून आता थेट गाडी आहे. इतकी वर्षं चार्टर्ड बसचे धक्के खाल्ले आणि आता जायच्या वेळी मेट्रो आली. मला याचा इतका राग आला की दुपारी एकटी जाऊन करोल बागेपर्यंत बसून आले. उगाच. येताना पडद्याचं कापड आणलं. बन्सल नाही तर दुसरं कुणी बघायला येईल, घर बरं दिसायला हवं.

६ डिसेंबर

दिवाळी अंक सापडत नव्हता. ह्यांच्या ऑफिसच्या बॅगेत निघाला, डब्याखाली घातलेला असणार. माझ्या कथेच्या समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत. मागे आली तेव्हा ही प्रत चंद्रप्रभा वाचून गेली होती, म्हणजे तिच्याच. सासूबाईंचे पुरावे गोळा करत असेल.

१५ डिसेंबर

गडबडीत राहून जातंय. वर्गाला अजून सांगितलं नाही. कढीपत्त्याचं रोप मात्र मोठ्या कुंडीत हलवलं. पुण्याला नेता येणार नाही, पण म्हणून मारायचं का.

२४ डिसेंबर

राजाभाऊंनी आलेले सगळे आशय नावं काढून, टाइप करून पाठवले. डोकं फिरलं. निम्मे ‘बाबत’ने संपतात. जन्मभर फाइलींवर ‘विषय: अमुक बाबत’ लिहिलेली माणसं, त्यांना दुसरं सुचतच नाही. ‘गृहोपयोगी वस्तूंच्या साठवणुकीबाबत.’ ‘निवृत्तीनंतरच्या सामान वाहतुकीबाबत.’ एकाने तर वाहतूक भत्त्याचा नियम जोडला आहे.

एक आहे, ‘दिल्लीत राहूनही महाराष्ट्र न विसरणे ही राष्ट्रीय एकात्मता होय.’ हे अध्यक्ष अण्णासाहेबांचं, नाव काढून काय उपयोग. त्यांना मटारच्या उसळीतही राष्ट्रीय एकात्मता दिसते.

एक बरं आहे. ‘ज्याची बदली होते त्याने जपायच्या वस्तू कमी आणि वापरायच्या जास्त ठेवाव्यात.’ हे कँटोन्मेंटचे सुभेदार धोंडीराम असणार. दिवाळी मेळाव्यात भेटले तेव्हा सांगत होते, त्यांच्या मंडळींनी कधी कप कपाटात ठेवलाच नाही, पुढच्या पोस्टिंगपर्यंत फुटला तर फुटला. यात उपदेश आहे, म्हणजे नियमात बसत नाही, पण निदान वाक्य पूर्ण आहे.

आणि एक हे: ‘विषय: श्रीमती गिरिजा यांस पुण्यास जावयाचे नसल्याबाबत.’

याला शून्य. पात्राचं नाव आहे. वाक्य पूर्ण नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे साफ चूक आहे. अरुणाने कुणालातरी शिकवलेलं दिसतं. मी लाल पेनाने समोर ‘मजकुरात आधार नाही’ असं लिहिलं, आणि पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

२५ डिसेंबर

कालचं डोक्यातून जात नाही. माझा आशय मी पूर्ण वाक्यात मांडून बघायला बसले.

‘संयमी माणसाला शेवटी फळ मिळतं.’ गिरिजेला काय फळ मिळालं? बसायला ट्रंक.

‘संयम हा स्त्रीचा दागिना आहे.’ शी. असलं मी पाचवीच्या मुलींनाही लिहू दिलं नसतं.

‘थांबणाऱ्या माणसाचं आयुष्य.’ हे वाक्य नाही.

हे शेजारी बसून निवृत्तीचे कागद लावत होते. म्हणाले, “काय अडलंय?” मी म्हटलं, काही नाही, तुम्हाला कळणार नाही, साहित्यातलं आहे. हे बरं म्हणाले. मग थोड्या वेळाने विचारलं, “ती शेवटी उठते का गं? चहा झाल्यावर?” मी म्हटलं, कथा जिथे संपली तिथे संपली, त्यापुढचं लेखकाला विचारायचं नसतं. उगाच ओरडले त्यांच्यावर. पण सगळ्यांनी मलाच का छळायचं?

९ जानेवारी

धुकं इतकं की समोरचा टॉवर दिसत नाही. बन्सल पुन्हा आला. ओल दाखवा म्हणाला. दाखवायला ओल नव्हती. भाव ठरला. अठरा तारखेला सोमवारी बयान्याचे पैसे, म्हणजे इसार, घेऊन येणार. तो गेल्यावर भाटियाबाई वर आल्या, “सुनंदाजी, सच में जा रहे हो?” मी म्हटलं, जाना तो था ही. मग एवढा मटार पडलेला असून मला सोलवेना, तशीच बसून राहिले.

वर्गाला सांगितलं नाही. एकदम निरोपाच्या दिवशीच सांगेन.

१८ जानेवारी, सोमवार

कालचं सगळं लिहायचं आहे, जमेल तसं लिहिते.

समारंभ करोल बागेच्या हॉलमध्ये. तिळगूळ नेहमीसारखा दगड. भाषणं झाल्यावर राजाभाऊंनी आशय वाचायला घेतले. मी सांगितलं होतं की फक्त बक्षिसाचं वाचा. पण हातात माइक असल्यावर राजाभाऊ थोडेच ऐकणार. ते सगळे वाचू लागले आणि लोक हसू लागले. ‘सामान वाहतुकीबाबत’ला हशा, ‘साठवणुकीबाबत’ला हशा. मग ‘श्रीमती गिरिजा यांस पुण्यास जावयाचे नसल्याबाबत.’ अख्खा हॉल हसून कोसळला. मागून कुणीतरी विचारलं, “फाइल कुणाची आहे, साहेब?” कुणी उठलं नाही.

मी सहज ह्यांच्याकडे पाहिलं. हे हसत नव्हते. तिळगुळाच्या कागदाची घडी करत होते, तिची आणखी बारीक घडी, तिची आणखी. ऑफिसमध्ये वरिष्ठांच्या सहीची वाट बघताना हे असंच करतात, हे मला त्यांच्या सगळ्या सहकाऱ्यांनी सांगितलेलं आहे. मला एकदम समासातल्या त्या पेन्सिलीच्या खुणा आठवल्या.

बक्षीस सुभेदारांना दिलं. ते छान उभे राहिले आणि म्हणाले, “बाईसाहेब, एक विनंती आहे. त्या ताईंना सांगा, कप काढा.” मग राजाभाऊंनी पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं, “संयम.” आणि मागच्या रांगेतून अरुणा, “काकू, पण हा तर विषय झाला ना?”

लोक पुन्हा हसले. मीही हसले असावे. माझंच फळ्यावरचं वाक्य होतं.

घरी यायला मेट्रो. बसायला जागा मिळाली, धुक्यामुळे रविवारची गर्दी नव्हती. यमुना आली. मग म्हटलं, “ते तुमचं होतं.”

“हं.”

“तोंडाने विचारता आलं नाही?”

“विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, जाऊ या.”

हे खरं आहे. मी तसंच म्हटलं असतं.

“शून्य दिलंस तू,” हे म्हणाले. रागाने नाही.

“नियमात बसत नव्हतं. पात्राचं नाव घालायचं नसतं.”

“माहीत होतं. तू मुलांना सांगत होतीस तेव्हा मी आतल्या खोलीत होतो. पण दुसरं नाव घालायचा धीर झाला नाही.”

मी खिडकीकडे बघायला लागले. खिडकीत धुकं आणि आम्ही दोघं. मग विचारलं, “आणि तुम्हाला? तुम्हाला जायचंय ना?”

“मला जायचंय,” हे म्हणाले, लगेच. “काकासाहेब आहेत. सकाळी टेकडीवर जायचं, मराठी पाट्या वाचत परत यायचं. खूप दिवसांचं मनात आहे. पण ती फाइल वेगळी आहे. तुझ्या फाइलीत माझी नको.”

मला भयंकर राग आला. कशाचा ते कळेना. इतकी वर्षं आपण एकमेकांच्या फाइली सांभाळत बसलो याचा असेल. मी म्हटलं, उद्या तो बन्सल येईल पैसे घेऊन, मग काय करणार आहात? तर हे म्हणाले, “त्याला कळवलंय. निकाल लागेपर्यंत थांबा म्हणून.”

“निकाल तर लागला.”

“तो सुभेदारांचा लागला. मी नुसतं वर पाठवलंय. सही तुझी हवी.”

सेक्टर अठरा आलं. उतरलो. घरी येईपर्यंत मी सही केली नाही. आज दिवसभरही केली नाही. बन्सल आला नाही.

२० जानेवारी

आज ट्रंक उघडली. माझी हिरवी. कुलपाला तेल घालावं लागलं.

चादरींना घड्यांवर पिवळ्या रेघा पडल्या आहेत. डिनरसेट धड आहे, एकच बशी तडकलेली. कप इतके लहान आहेत की ह्यांचा घोटभर चहासुद्धा मावणार नाही. यांच्यासाठी मी पाच घरांत पाहुण्यांना स्टीलच्या पेल्यांतून चहा दिला. अक्षरशः चिडून रडले.

प्रत्येक बशी पुण्याच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती, आमच्या लग्नाच्या वर्षीची. हे जमिनीवर बसून ते कागद सरळ करत होते. नळाला पाणी कधी येणार, कुठल्या पेठेत कसलं व्याख्यान, सायकल हरवल्याची जाहिरात. एकेक पान मोठ्याने वाचून दाखवत होते. मधेच थांबून म्हणाले, “हा माझ्या वर्गात होता.” कोण ते मी विचारलं नाही. त्यांचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून मी हो म्हणणार नाही, असंही त्याच वेळी वाटलं. दोन्ही एकदमच वाटतं, हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, “तुम्ही फेब्रुवारीत जा. काकासाहेबांकडे राहा. टेकडी चढा. थंडी संपली की मी येईन चार-आठ दिवस.”

“आणि नंतर?”

“नंतरचं नंतर. कथा जिथे संपते तिथे संपते.”

हे म्हणाले, “ठीक.” मग थोडं थांबून, “मला सोपं जाणार नाही हं.” मी म्हटलं, मलाही नाही. लहान कपात चहा दिला. दोन घोटांत संपला, म्हणून पुन्हा दिला.

२३ जानेवारी, शनिवार

वर्गाला मार्चच्या तारखा सांगितल्या. अरुणाने विचारलं, पुढच्या टर्मला तिने स्वतः लिहिलेली कथा आणली तर चालेल का. म्हटलं, आण. लाल पेन तयार आहे.

दुपारी राजाभाऊंचा फोन. मंडळाचं वार्तापत्र छापायला जातंय, आणि त्यात कथेचा अधिकृत आशय द्यायचा आहे, कारण ‘संयम’वर वाचकांची तक्रार आली. “वहिनी, एक पूर्ण वाक्य द्या. पात्राचं नाव नको, उपदेश नको, तुमचेच नियम.”

मी म्हटलं, लिहून घ्या.

“हं, सांगा.”

“मला पुण्याला जायचं नाही.”

त्यांनी ते पुटपुटत लिहून घेतलं. मग राजाभाऊ म्हणाले, “वहिनी, हे कथेतलं वाक्य आहे की तुमचं?”

हे समोर बसून पुण्याचं तिकीट बघत होते. त्यांनी मान वर केली.

मी म्हटलं, “माझं आहे. छापा.”